मी पाडलेला उजेड

कोडॅक कंपनीने १९६५ साली सुपर ८ हा प्रकार बाजारात आणला तो माझ्यासारख्या माणसांपासून सिनेमा वाचवण्यासाठी, असं माझं मत आहे. त्याआधीच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात फिल्म हाताने गुंफावी लागे. अर्धं चित्रण झालं की रीळ बाहेर काढून उलटं घालावं लागे, आणि या उठाठेवीत भले भले गृहस्थ फिल्मला ऊन दाखवून बसत. सुपर ८ मध्ये सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात बंद. डबा आत सरकवायचा, झाकण लावायचं, घोडा दाबायचा. पन्नास फूट फिल्म, ३६०० चित्रं आणि सेकंदाला १८ या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांचा सिनेमा. उजेड किती घ्यायचा हेही कॅमेराच बघणार. डब्याच्या कडेला खाच असते, ती चाचपून फिल्म किती वेगाची आहे हे तो ओळखतो, भिंगातून येणारा उजेड मोजतो आणि आतली झडप लहानमोठी करतो. गृहस्थाने फक्त समोर काही घडतंय ना एवढं बघायचं. एवढ्या विचाराने गृहस्थाच्या हातून काढून घेतलेलं काम मी साठ वर्षांनी स्वखुशीने परत अंगावर घेतलं.

कॅमेरा हिच्या मामांचा. मामा सांगलीचे, पंपांचे इंजिनिअर. सत्तरच्या दशकात कामासाठी जपानला गेले. तेव्हा परदेशाहून येणारा माणूस ट्रान्झिस्टर आणायचा, नायलॉनच्या साड्या आणायचा. मामांनी कॅमेरा आणला. त्यांनी काढलेल्या फिल्म अजून आहेत आणि त्या खरोखर बघाव्यात अशा आहेत. १९२९ सालच्या आयर्विन पुलाखाली चढत गेलेलं कृष्णेचं गढूळ पाणी, गणपती मंदिरासमोरची गर्दी, हिच्या भावाच्या मुंजीतला मांडव, मांडवाच्या दाराशी फ्रॉक घालून रडत उभी असलेली ही. नऊवारीतल्या बायकांच्या नाकातली नथ दिसते, आणि मागच्या चुन्याच्या भिंतीचा पोतही दिसतो. ज्याने कधी कॅमेऱ्याशी झटापट केली आहे त्याला यातलं अवघड काय ते कळेल. नथ आणि चुना एकाच चित्रात नीट येणं ही सोपी गोष्ट नव्हे. मला तेव्हा ते कळत नव्हतं. मला वाटलं, कॅमेरा चांगला आहे.

मामा गेले. घर रिकामं करताना कोणाला काय हवं याची चर्चा जेवणाच्या पंगतीत निघाली. कॅमेरा बंद होता, त्यामुळे कोणी घेईना. तेव्हा मी, दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत असताना, म्हणालो, "माझ्याकडे द्या. चालू करतो." मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्हाला येतंय का त्यातलं?" या प्रश्नाचं उत्तर देण्याची ती शेवटची संधी होती. मी श्रीखंड संपवलं.

कॅमेऱ्याची मूठ उघडली. मोटर फिरवणारे सेल मुठीत बसतात, ते आतल्या आत सुटून हिरवं-पांढरं कीट धरून बसले होते. व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून पुसलं, पत्र्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. यातलं मी काही शोधलेलं नाही, जुन्या टॉर्चला आपण हेच करतो. नवे सेल घातल्यावर कॅमेरा घरघरला आणि मेहुण्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर दिसला. तो आदर फार काळ टिकला नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

या कॅमेऱ्यात सेलची आणखी एक छोटी, गोल खोबण होती. उजेड मोजणाऱ्या यंत्राला वेगळा बटणासारखा सेल लागतो, त्याची. ही खोबण मात्र लख्ख. कीट नाही, डाग नाही, आतली स्प्रिंग कालच बसवल्यासारखी. मी मोठ्याने म्हणालो, "बघा, मामांनी केवढं जपलंय!" खोबण इतकी स्वच्छ का राहिली असेल, याचा विचार करणारा माणूस पुढची सगळी हकीगत टाळू शकला असता. मी तिच्यावर फुंकर मारून झाकण लावलं.

बॅगेत मामांचा एक न वापरलेला कोडॅक्रोम ४० चा डबा निघाला. मला राहवेना. सांगलीत आहोत, हळदीचा हंगाम आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळण्याआधीही ती तितकीच पिवळी होती. मार्केट यार्डात जाऊन पोत्यांचे ढीग, सौद्याची गर्दी, हमालांच्या पाठीवर बसलेली पिवळी धूळ, सगळं त्या डब्यात भरलं. घरी आल्यावर हा डबा धुवायला कुठे टाकायचा याची चौकशी सुरू केली. चौकशी आधी करून मग चित्रण करायचं, असा क्रम इतर लोक ठेवतात.

कोडॅक्रोमची गंमत अशी की तिच्यात रंग नसतातच. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायनं फिल्मच्या थरातच असतात. कोडॅक्रोम मुळात काळी-पांढरी. रंग तिला धुताना चढवायचे. ती धुलाई इतकी किचकट की जगातल्या मोजक्याच प्रयोगशाळा ती करत. त्यातली शेवटची अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावात होती, आणि तिने शेवटची रिळं स्वीकारली ३० डिसेंबर २०१० रोजी. आता कोणी हा डबा धुतलाच तर तो काळा-पांढराच निघणार. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात जी गोष्ट फक्त तिच्या रंगासाठी ओळखली जाते, ती मी करड्या रंगात टिपून ठेवली होती. डबा अजून फ्रिजमध्ये आहे. ही त्याला लोणच्याच्या बरणीमागे ठेवते, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

साताऱ्याला परतलो आणि शहाणपणाने आधी तपासणी केली. फिल्म न घालता कॅमेऱ्याची झडप पाहता येते. भिंगात समोरून डोकावायचं आणि टॉर्च जवळ-लांब करायची. आत दोन पातळ पाती असतात, त्यांना खाचा असतात आणि त्या एकमेकींवरून सरकल्या की मधलं भोक चौकटच्या एक्क्यासारखं दिसतं. उजेड वाढला की एक्का बारीक होतो, कमी झाला की फुगतो. माझा एक्का ढिम्म. टॉर्च नेली, आणली, बाल्कनीत जाऊन थेट अजिंक्यताऱ्यावरच्या उन्हाकडे कॅमेरा धरला. हालचाल नाही. साहजिकच होतं, छोटा सेल घातला नव्हता. पोवई नाक्यावरून बटणसेल आणला, घातला, आणि एक्का टुणकन बारीक झाला. मी हिला हाक मारली. ही आली, भिंगात डोकावली आणि म्हणाली, "छान. कुकर लावलाय." आणि गेली.

माझा एक भाचा जर्मनीत असतो. त्याने सुट्टीवर येताना काळ्या-पांढऱ्या ट्राय-एक्स फिल्मचे डबे आणले. एका डब्याच्या आणि धुलाईच्या पैशांत सातारा-सांगली एसटीने किती वेळा जाऊन येता येईल, याचा हिशोब हिने तोंडी केला आणि उत्तर मला सांगितलं नाही.

जून संपत आला होता, माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली होती. लोणंदचा मुक्काम हलला की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो, तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, मधून धावणारे अश्व. आभाळ ढगाळ, तरी लखलखीत. हजारो पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पांढरी धोतरं. गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावायला जागा नव्हती, म्हणून तो डोक्यावर धरून चित्रण केलं. घोडा गेला तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा रडत होते. तेही टिपलं. भाच्याने परत जाताना डबा नेला, आणि विमानतळावरच्या क्ष-किरणांनी फिल्म झाकोळते म्हणून अधिकाऱ्यांच्या विनवण्या करून हाताने तपासून घेतला. काही आठवड्यांनी चित्रफीत मोबाइलवर आली.

रिंगण रात्री झालं होतं.

निदान फितीवर तरी तसंच दिसत होतं. पांढरे सदरे करडे, आभाळ शिशाच्या रंगाचं आणि माणसांचे चेहरे काळेकुट्ट. आजोबा रडताहेत हे मला माहीत असल्यामुळे मला दिसलं. घरच्या ग्रुपवर टाकल्यावर एका आत्येबहिणीने विचारलं, "भारनियमन आहे का तिकडे?" आणि मेहुण्याने नुसता अंगठा पाठवला.

मी मनाची समजूत घालण्यासाठी घरगुती सिनेमाचा इतिहास वाचायला घेतला, त्याने दुःख वाढलं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या घटनेची जगातली सगळ्यात प्रसिद्ध घरगुती फिल्म अब्राहम झप्रुडर नावाच्या कपड्यांच्या कारखानदाराने काढली. चौथऱ्यावर उभं राहून, बेल अँड हॉवेलच्या चावीवर चालणाऱ्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने, सुमारे २६ सेकंद. समोर गोळीबार, आजूबाजूला आरडाओरडा, आणि तरी त्या फिल्ममध्ये भर दुपारचं ऊन आहे, हिरवळ हिरवी आहे, ओळखू येणारी माणसं आहेत. मला टाळ-मृदंगाच्या गजरात साधा घोडा जमला नव्हता.

दोष काट्याचा आहे, असा मी निकाल दिला. ती दोन पाती ज्या नाजूक काट्याच्या जोरावर हलतात तो अडकत असणार. काट्याजवळ एक इवलासा स्क्रू होता. असे स्क्रू कारखान्यात एकदा जुळवून वर लाखेचा थेंब टाकतात, म्हणजे कोणी हात लावू नये. मी लाख खरवडली. स्क्रू थोडा फिरवला. मग थोडा उलटा. मग किती फिरवला होता ते विसरलो. शेवटी पाव किलो कंदी पेढे घेऊन राजवाड्याजवळच्या एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कॅमेरा खिडकीकडे धरला, सावलीत नेला, परत खिडकीकडे आणला. पेढा खाल्ला.

"सायेब, काटा तर पळतोय की."

"मग चित्र काळं का येतं?"

"त्यो जास्तीच पळतोय. काट्याला खायला काय घालताय ते बघा." आणि मग स्क्रूकडे बोट दाखवून, "हितं कुणी हात घातला?"

मी म्हणालो, "आधीच्या मालकांनी." मामा, मला क्षमा करा.

खायला काय घालतो ते बघितलं आणि घड्याळजींच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. हे कॅमेरे निघाले त्या काळात त्यांच्यात पाऱ्याचा सेल असायचा. तो १.३५ व्होल्ट देई आणि मुख्य म्हणजे संपेपर्यंत तेवढेच देई, न कमी न जास्त. त्या भरवशावर कारखान्याने सगळं माप बांधलेलं. पुढे पारा घातक म्हणून अमेरिकेने १९९६ साली कायदा करून असे सेल बंद केले, इतरांनीही केले. आता त्या खोबणीत बसतो तो अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो. कॅमेऱ्यातलं यंत्र अडाणी. त्याला उजेड वाढला की विजेचा प्रवाह वाढतो एवढंच माहीत. सेल जोरकस घातला की प्रवाह वाढतो, त्याला वाटतं ऊन वाढलं, आणि तो झडप मिटून घेतो. चित्र काळं.

हे एक कारण. आणखी दोन निघाली. कॅमेरा डोक्यावर धरला म्हणजे डोळा लावायच्या भोकातून मागचा उजेड आत शिरतो आणि यंत्र तोही मोजतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वारकरी. उजेड मोजणारं यंत्र असं धरून चालतं की समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे. जपानमध्ये असेल. आमच्याकडे धोतर, टोपी, सदरा, चुन्याची भिंत, सगळं पांढरं. यंत्र हे सगळं करडं करून टाकतं, आणि सदरा करडा झाला की त्याच्या आतला सातारी माणूस काळा होणारच. अशा वेळी झडप हाताने दीड-दोन घरं जास्त उघडायची असते. वारकऱ्यांना सांगून ते काही रंगीत कपडे घालणार नव्हते.

पाऱ्याच्या सेलला पर्याय काय, तर झिंक-एअर. तो १.४ व्होल्ट देतो, जवळजवळ तेवढाच, आणि स्थिर. हा सेल कुठे मिळतो? कानाच्या मशीनच्या दुकानात. ६७५ नंबरचा, पाठीवर निळा स्टिकर असलेला. आणि जोरदार मशीन वापरणारी जी एकमेव व्यक्ती माझ्या परिचयाची आहे, ती म्हणजे आमचे सासरे, अण्णा.

अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन सांगलीला होतं. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं, तुला, आप्तेष्टांची भाषणं, जेवण. मी जाहीर केलं होतं की या समारंभाची फिल्म मामांच्या कॅमेऱ्यावर होणार, आणि हे ऐकून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आदल्या रात्री अण्णांच्या कपाटात सेलची गोल तबकडी दिसली. सहा सेलची असते. एकच शिल्लक होता. सकाळी दुकान उघडलं की दुसरी तबकडी आणून ठेवायची, असं ठरवून मी तो घेतला. सकाळी रविवार निघाला.

हा सेल खोबणीपेक्षा लहान असतो, घातला तर आत खुळखुळतो. हिच्या माहेरच्या स्वयंपाकघरात शोधाशोध करून एक रबरी वॉशर त्याच्याभोवती बसवलं. ते कुकरच्या कुठल्या भागाचं होतं ते दुपारी जेवायच्या वेळी कळलं. निळा स्टिकर सोलला, सेल बसवला, झडप हलली. भल्या सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन थोडं चित्रण केलं. घरी आल्यावर लक्षात आलं की वॉशरमुळे खोबणीचं झाकण पूर्ण बसत नाही आणि मधूनच उचकटतं. ऐन ओवाळताना निघालं तर? मी काळी इन्सुलेशन टेप घेतली आणि झाकण चारी बाजूंनी असं बंद केलं की मुंगी शिरायची नाही.

झिंक-एअर सेलमधला एअर म्हणजे हवा, हे मला माहीत होतं. तो सेल हवेतला प्राणवायू घेऊनच वीज करतो. पाठीला बारीक भोकं त्यासाठीच असतात, आणि निळा स्टिकर त्या भोकांवरच लावलेला असतो. म्हणून हे सेल वापरणारे शहाणे लोक झाकणाला मुद्दाम एक छिद्र पाडतात. मी त्याचं तोंड-नाक टेपने बांधलं.

समारंभ झाला. मी अंगणातल्या मांडवात कमरेत वाकून, गुडघ्यावर बसून, ओवाळणाऱ्या सुनांच्या मध्ये शिरून चित्रण करत होतो. तिकडे अण्णांच्या मशीनने सेल संपत आल्याची पिंपिं केली आणि ते गप्प झालं. अण्णांनी ते कानातून काढून खिशात टाकलं. त्यांच्या सत्काराची भाषणं सुरू झाली. त्यांचे जुने सहकारी बोलले, जावई म्हणून मी बोललो, मग एक स्थानिक पुढारी आले आणि अण्णांच्या निमित्ताने सहकार चळवळीचा आढावा घेऊन गेले. अण्णा सगळा वेळ प्रसन्न चेहऱ्याने दिव्यांकडे बघत होते. संध्याकाळी भडंग खाताना ते मला म्हणाले, "फार छान झाला कार्यक्रम. कोणी काही बोललंच नाही."

मी तबकडीची गोष्ट तेव्हा सांगितली नाही. अजून सांगितलेली नाही.

फिल्म धुऊन आली. पहिला भाग घाटाचा. तो बघून भाच्याने निरोप पाठवला, "मामा, हे कमाल आलंय!" आणि ते खरंच आहे. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या झिजलेल्या काळ्या दगडाच्या, उन्हापावसाने करड्या पडलेल्या. यंत्राला जो जगाचा सरासरी रंग वाटतो, अगदी तोच. प्रत्येक पायरीची कड, दगडातले छिन्नीचे घाव, ओल्या पावलांचे ठसे, सगळं उमटलं आहे. पायऱ्यांवरची माणसं जरा अंधारात आहेत. दगड मात्र सुरेख.

मग सहस्रचंद्रदर्शन. सेल गुदमरून मेला होता, काटा शून्यावर पडला होता आणि या कॅमेऱ्याची झडप काटा पडला की सताड उघडते. भर सकाळचा उजेड, पांढरा मांडव आणि सताड उघडी झडप. पडद्यावर फक्त शुभ्र प्रकाश. त्या प्रकाशात अधूनमधून दोन भुवया आणि एक मिशी तरंगते, ते अण्णा. एक्याऐंशी दिवे कुठे आहेत ते विचारू नये. आमच्या आत्येबहिणीने लिहिलं, "या वेळी भरपूर लाइट आहे." मेहुण्याने फोन केला आणि म्हणाला, "दाजी, सातारच्या फिल्ममधला काळोख आणि सांगलीतला उजेड सारखा वाटून घेता येईल का?"

यानंतर एका संध्याकाळी ही कॅमेऱ्याची बॅग आवरत होती. बॅगेच्या अस्तराला एक कप्पा होता, त्यातून तिने पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. मामांचं टपोरं अक्षर:

"ऊन १६. ऊन-ढग ११. ढगाळ ८. सावली ५.६. घरात काढू नये, कोणी रागावलं तरी. छोटा सेल घालू नये, त्याच्या नादी लागू नये."

"हे कधी सापडलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही व्हिनेगर मागत होतात तेव्हा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एका चकतीवर काळी पट्टी चिकटवलेली होती. मी ती दुरुस्तीची खूण समजत होतो. पट्टी सोलली. खाली झडप हाताने लावायची चकती होती, कॅमेरा ठेवून देताना ती फिरू नये म्हणून मामांनी चिकटवलेली. खोबण लख्ख का होती ते तेव्हा कळलं. मामांनी तिच्यात आयुष्यात कधी सेल घातलाच नव्हता. मुंजीच्या मांडवातली नथ आणि मागचा चुना त्यांनी आभाळाकडे बघून आणि आकडा लावून मिळवला होता. कोडॅक्रोम ४० साठी त्यांचं कोष्टक अगदी चोख आहे. या कॅमेऱ्यात एकेक चित्र सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागात टिपलं जातं, आणि ४० वेगाच्या फिल्मला लख्ख उन्हात १६ हाच आकडा बसतो. मामांना हे गणित येत होतं आणि यंत्राला सातारा-सांगलीचं ऊन समजत नाही हेही त्यांनी आधीच ओळखलं होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढले, तेही उजेड मोजणाऱ्या काट्याशिवाय. इकडे मी आयत्या कॅमेऱ्यातला लाखेचा थेंब खरवडत होतो.

ट्राय-एक्स ही कोडॅक्रोमच्या पाचपट वेगाची, तेव्हा मामांचे आकडे सव्वादोन घरं पुढे सरकवावे लागतात. उन्हात तर चकतीवरचे आकडेच संपतात, मग भिंगासमोर हिचा काळा गॉगल धरावा लागतो. असं करून मी अजिंक्यताऱ्यावर, चार भिंतींपाशी, कासच्या रस्त्याला एक अख्खा डबा संपवला. तो नुकताच धुऊन आला. आकाश आकाशासारखं, गवत गवतासारखं. कुठे काळं नाही, कुठे पांढरं नाही. मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. ३ मिनिटं २० सेकंद शांतता होती.

ही म्हणाली, "उजेड छान आलाय हो. पण यात आहे कोण?"

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल तर आधी त्यातले सेल काढा, ते सुटले तर पट्ट्या खाऊन टाकतात. मग बॅगेचे सगळे कप्पे तपासा. भिंगात टॉर्च मारून झडप हलते का ते बघा. हलत नसेल तर हाताने लावायची चकती शोधा, बऱ्याच कॅमेऱ्यांना ती असते. कोडॅक्रोमचा डबा सापडला तर तो घेऊन हळद शोधत हिंडू नका. लाखेच्या थेंबाला हात लावू नका. आणि एवढं करूनही कॅमेरा चालला नाही तर साताऱ्यात एक घड्याळजी आहेत, त्यांना कंदी पेढे आवडतात. माझ्याकडे आणू नका.